रविवारची तोफ

सकाळपासून इश्बेलने पाहुण्यांना कुठे टेकू दिलं नव्हतं. चर्च झालं की राजवाडा, राजवाडा झाला की गल्ल्या. बोलायची थांबली की तिला कसंतरीच व्हायचं. एक वाजायला पाच मिनिटं असताना तिने सगळ्यांना एडिनबराच्या किल्ल्याखाली आणून उभं केलं.

"कान झाका बरं का! आमची तोफ दुपारी एकला उडते. बाराला उडवायची म्हटलं तर बारा बार काढावे लागतील. आम्ही स्कॉटिश लोक पक्के चिक्कू!"

सगळे हसले आणि कान झाकून उभे राहिले. एक वाजला. वर दोन मिनिटं गेली. कबुतरंसुद्धा जागची हलली नाहीत.

बस चालवणारा फर्गस धावत आला. "अगं, आज रविवार! रविवारी तोफ उडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीस वर्षं गाइड आहेस ना तू?"

"त्यात एका तरी रविवारी कामावर आले होते का मी?"

"म्हणून काय, घरी बसून ऐकू यायची?"

"यायची." इश्बेलची नजर किल्ल्यावरून हलली नाही. "एकच्या ठोक्याला माझा मर्डो सूपच्या पातेल्यावर पळी हाणायचा आणि ओरडायचा, 'धडाम! बाईसाहेब, जेवायला चला!'"

गेल्याच महिन्यात मर्डोची शवपेटी खाली सोडताना एक दोर फर्गसच्याही हातात होता.

मागे दोघं-तिघं पाहुणे अजून कान झाकून उभे होते.