निजलंस काय?

देवबाग गावातल्या घराच्या पडवीत बसून धनेश मुंबईच्या कंपनीचं काम करत होता. ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत किती लोक एक्स्टेंशनला, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामला, येऊ देतात, ते त्याला मोजायचं होतं. त्यासाठी त्याने स्वतःच एक मोजणारं एक्स्टेंशन बनवून लोकांना वाटलं होतं. ब्राउझर वापरणाऱ्याने परवानगी दिली, तरच तेही प्रायव्हेट विंडोत शिरणार होतं.

तेवढ्यात भर उन्हातून त्याचे वडील, अप्पा, घामाघूम होऊन आले. कोणा पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं होतं, की देवबागात दुपारी सगळे झोपलेले असतात. ते खोटं पाडायला अप्पा वाडीतल्या घराघरापुढे जाऊन आले होते.

"वाडीत एकव माणूस दुपारचो निजणा नाय!"

"कसा कळला?"

"दारात उभो रवान हाक मारलंय, 'निजलंस काय रे?' ज्येंनी ज्येंनी ओ दिल्यानी, ते सगळे म्हणाले, नाय!"

"आणि ज्येंनी ओ देवक नाय?"

"ते घरात नसतले."

धनेश पोट धरधरून हसला. "अप्पा, मोजणी अशी करतत काय?"

मग डोळे पुसत त्याने कंपनीतल्या साहेबांना आपला निकाल पाठवला: "ज्या ज्या प्रायव्हेट विंडोतून आपल्या एक्स्टेंशनने आकडा पाठवला, त्या प्रत्येकीत एक्स्टेंशनला परवानगी आहे. शंभर टक्के!"

साहेबांनी विचारलं, "आणि ज्यांच्याकडून आकडा आलाच नाही?"

धनेशने क्षणभरही विचार न करता लिहिलं, "ते प्रायव्हेट विंडो वापरत नसणार."