बा कासोंडेंची परीक्षा

“बामायो, जपून हं! लॅपटॉप आहे तो, मक्याचा न्शिमा ढवळायचं पातेलं नाही,” दुकानातला पोरगा मुबांगा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला.

नामाकाऊने वर पाहिलं नाही. पडद्यावर शर्यतीची गाडी धावत होती. धावत कसली, चिखलातून ओढल्यासारखी अडखळत होती.

किट्वेच्या बाजारातल्या या दुकानात कारागिराची एक जागा रिकामी होती. ती मागायला सेहेचाळीस वर्षांची बाई येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एकोणीस वर्षं नामाकाऊने तांब्याच्या खाणीत जमिनीखाली सिग्नलच्या तारा सांभाळल्या होत्या. मग खाण बंद पडली. तेव्हापासून ती अंगणात बसून शेजाऱ्यांचे रेडिओ आणि शेगड्या दुरुस्त करायची. लेकी म्हणायच्या, आता आराम कर. आराम तिला सोसत नव्हता.

दुकानाचे मालक बा कासोंडे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची अर्ध्या बाजारात दुकानं होती. त्यांनी तिची कागदपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. फळीवरून हा जाडजूड गेमिंग लॅपटॉप काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“खेळ सुरू केला की रखडतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात मरतो. काय बिघडलंय ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगा. सापडलं तर जागा तुमची.”

“ग्राफिक्स कार्ड गेलंय. आंधळाही सांगेल,” मुबांगा पुटपुटला.

नामाकाऊने चार्जर मीटरने मोजला. पुरेपूर वीज देत होता. दुसरा लावून पाहिला, तेच. पंखे साफ होते. कार्ड तापतही नव्हतं. जळायला आलेलं कार्ड इतकं थंड कसं राहील? तिने तो प्रश्न मनात ठेवला आणि गाडी तशीच पळवत बसली.

साडेदहाला बाजाराची वीज गेली. रोजचीच वेळ. छताचे पंखे थांबले, पलीकडच्या न्हाव्याने शिवी हासडली.

“झाली परीक्षा,” मुबांगा म्हणाला. “चला बामायो, पुढच्या वेळी बघू.”

“थांब जरा,” नामाकाऊ म्हणाली.

गाडी पडद्यावर अजून चालत होती. आता बॅटरीवर. आणि अगदी तशीच, तितकीच रखडत. वीज होती तेव्हा जो वेग, तोच वीज गेल्यावर. असे लॅपटॉप चार्जरवर पळतात आणि बॅटरीवर मंदावतात; याला काही फरकच पडला नव्हता. म्हणजे इतका वेळ चार्जर लावलेला असूनही तो बॅटरीवर असल्यासारखाच वागत होता.

खाणीत माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्याच्या मोटारीला पूर्ण वीज असायची, पण खालून घंटीचा इशारा आल्याशिवाय पाळणा तसूभर हलत नसे. तार नुसती वीज नेत नाही, निरोपही नेते.

तिने लॅपटॉप बंद केला, उलटा केला, स्क्रू काढले, बॅटरीची जोडणी सोडवली. चार्जर जिथे खुपसतात ते सॉकेट बाहेर घेतलं आणि उजेडाकडे धरून भिंगातून पाहिलं. मधली पिन, केसाएवढी बारीक. तिच्या मुळाशी सोल्डरिंगच्या डाखाला तडा गेला होता. नखाने ढकलली तर पिन हलली.

“बा कासोंडे, जनरेटर लावता का? मला डाख द्यायचाय.”

बा कासोंडे स्वतः उठले. तिसऱ्या हिसक्याला जनरेटर धडधडला. नामाकाऊने सोल्डरिंगची सळई तापवली. ज्वारीच्या दाण्याहून लहान एक चमकदार थेंब, बस्स. फुंकर घातली, सगळं जोडलं, चार्जर लावला.

खेळ सुरू झाला. लॅपटॉपचे पंखे घोंगावले. गाडी सुटली ती अशी, की मुबांगाच्या तोंडून “मायो!” निघून गेलं.

“कार्ड ठणठणीत आहे,” नामाकाऊ म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही. “चार्जर वीज देतो, पण आपली ताकद किती ते या मधल्या पिनेतून कळवतो. पिन तुटली, की लॅपटॉप त्याच्यावर विसंबत नाही. घोट घोट वीज घेतो, कार्डाला उपाशी ठेवतो, बाकीचं बॅटरीतून ओढतो. बॅटरी संपली की आडवा.”

बा कासोंडे टेबलाशी वाकून उभे होते. एक फेरी झाली, दुसरी झाली, तास होत आला. गाडी थांबली नाही. मुबांगा डबा उघडायचा विसरला होता.

नामाकाऊने हात पुसले, पदवीधरांच्या रांगेत उभं राहावं तशी ताठ उभी राहिली आणि आदराने विचारलं, “तुमच्या उत्तराशी जुळलं का, मुकवाई?”

बा कासोंडेंनी चष्मा काढला. मुबांगा जमिनीकडे बघू लागला.

“कसलं उत्तर, बामायो?” ते म्हणाले. “पाच महिने हा माझ्याच टेबलावर पडून आहे. कार्ड गेलं म्हणून गिऱ्हाइकाला सही करून लिहून देणारा मीच.”