पोहायचा भोपळा

लढाईत दोन्ही पाय गमावून तिसगावला आलेला गोरक्ष आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. एका सकाळी रेडिओनं सांगितलं, जर्मनीत अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या एका जायबंदी जवानानं पोहण्यात सुवर्णपदक पटकावलं. ते ऐकताच गोरक्ष हातांच्या बळावर उठून बसला. "आबा, माझा पोहायचा भोपळा हाय का आजून?" त्याच्या बापानं, कारभारीनं, आढ्याला टांगलेला वाळका भोपळा खाली काढला. लेकाच्या सातव्या वर्षी हाच भोपळा पाठीला बांधून त्यानं त्याला पोहायला शिकवायला विहिरीत ढकललं होतं. आठ महिन्यांत लेकानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. तरी खरं सांगावंच लागलं. "पोरा, दुष्काळानं हिरीचा तळ उघडा पडलाय. चिमनीची चोच भिजंल एवढंबी पानी न्हाई रं." "ठाव हाय, आबा. तुमी बांधा." कारभारीनं पाठीला भोपळा आवळला. "आजून घट्ट," गोरक्ष म्हणाला. "पाऊस येईस्तवर सुटाया नको."