शिशाचा बैल

तिने प्रयोगशाळेतून आणलेलं पाकीट संग्रहालयाच्या साहेबांनी फोडलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सात नंबरचा नमुना म्हणजे बैल. काय आलं त्याचं?"

तिने त्यातला कागद पुढे सरकवला. "शिसं त्याच जुन्या खाणीतलं, साहेब. उत्खननात बैलाशेजारी शिशाच्या नळाचे तुकडे सापडले होते ना, त्यांच्याशी तंतोतंत जुळतं."

प्रत्येक खाणीच्या शिशाची घडण निराळी. तांदळाच्या कणाएवढा कीस आम्लात विरघळवला, की यंत्र ती ओळखतं. दोन हजार वर्षांनंतरही.

"म्हणजे बैल अस्सल," साहेब हळूच म्हणाले. "आणि अकरा वर्षं आम्ही तुझ्या वडिलांना चोर म्हणतोय."

बाबा या संग्रहालयात पहारेकरी होते. एका पाहुण्या अभ्यासकाला बैलाची शिंगं फोटोतल्यापेक्षा आखूड वाटली. खरा बैल विकून खोटा ठेवला, असा आळ बाबांवर आला. नोकरी गेली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. तो डाग पुसायचा म्हणून तर ती हे शास्त्र शिकली.

"एक राहिलं, साहेब. नळाचे तुकडे नोंदीत बारा आहेत, डब्यात आठच निघाले."

"अगं, इथं कपाटं हरवतात, तुकड्यांचं काय घेऊन बसलीस! जा, आधी घरी सांग."

घाईघाईत घरात शिरताना ती दार लागू नये म्हणून ठेवलेल्या चिंध्यांच्या जड गाठोड्याला ठेचकाळली. नेहमीसारखीच.

"अकरा वर्षं झाली, अजून बघून चालता येईना," बाबा हसले. ते मासे धरायच्या जाळ्याला वजनं ओवत बसले होते. नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी ते घरीच शिसं वितळवून वजनं ओतायचे.

"बाबा, सुटलात तुम्ही! बैल खरा निघाला. साहेब स्वतः माफी मागायला येणार आहेत."

बाबांचे हात थांबले. "यंत्र चुकत नाही ना?"

"खाण सांगण्यात कधीच नाही."

"आणि ओतला कधी, ते सांगतं?"

"ते नाही सांगत. पण आता ते कोण विचारतंय?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी दाराजवळचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि गाठ सोडली. चिंध्यांतून बैलाची लांब शिंगं बाहेर आली.

"चार तुकडे वितळवले," ते म्हणाले. "शिंगांना तेवढं शिसं कमी पडलं."