गोचिडींची रांग

थोरला लेक बाबली रीतभात कोळून प्यायला, असं यशोदा सगळ्यांना सांगे. मेलेल्या माकडाजवळ नारळ ठेवून त्याला पुरायचं, तर ह्याने शेपटीला धरून ते खाणीच्या खड्ड्यात फेकलं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी खाणीने डोंगर सोलला. तेव्हापासून माकडं सर्वण गावात उतरत आणि तापाने मरत. मढं गार झालं की त्याच्या गोचिडी रांगेने निघून जात.

बाबली पेज भुरकत होता. त्याच्या पायांवरून गोचिडी उतरल्या आणि रांगेने उंबऱ्याबाहेर गेल्या.

यशोदेने त्याचा हात चाचपला. तो नदीतल्या गोट्यासारखा गार होता.

“आई, लोणचं वाढ गो,” बाबली हसला.

“गोचिडींना कळलं ते तुला कळेना, बाबल्या. ठेव ती पेज. मी नारळ काढते.”