कीर्तन सहालाच ना?

रोजचं सहाचं कीर्तन आज चारला होतं. मंडपात बुवा, तबलजी आणि एक मांजर. बुवांचं तोंड उतरलं. "वेळ विचारायला फोनसुद्धा नाही कुणाचा!"

फोन दुरुस्त करणाऱ्या शालनताई म्हणाल्या, "देवळाचा फोन इंटरनेटवरून चालतो, त्याचा तिथला पत्ता काल बदलला. पण एक्स्चेंजचं यंत्र एकदा पत्ता विचारला की दिवसभर तोच धरून बसतं. सगळे फोन जुन्या पत्त्यावर चाललेत. तो पत्ता आता एका बँडवाल्याकडे आहे."

त्यांनीच देवळाचा नंबर फिरवला.

"जय हरी! कीर्तन सहालाच, नक्की या!" खणखणीत आवाज आला.

"अहो, चारला आहे! सहा कुणी सांगितलं?" बुवा ओरडले.

"सकाळी पहिल्या आजींनीच विचारलं, 'सहालाच ना?' देवाच्या कामाला नाही कसं म्हणू? मग सगळ्यांना तेच सांगितलं. दरवेळी कुणाला विचारत बसायचं?"

बुवा कपाळाला हात लावून हसले. "यंत्राचाच भाऊ!"

सहाला मंडप तुडुंब भरला. पहिल्या रांगेत लाल कोट घालून बँडवाला.

"माउली, तुम्ही?"

"दीडशे जणांना नक्की या म्हणालो, बुवा. मग मलाच घरी बसवेना."