तिसरी नवरी

"जाऊबाई, चीज कुठलं घेऊ?" जुमानाने विचारलं.

रात्रभर गोड्या पाण्यात भिजवून खारटपणा उतरवलेलं अक्कावी चीज अफाफच्या पाठीमागेच होतं, ओट्यावर, फडक्याखाली. अफाफ जागची हलली नाही.

"गॅलरीत बादली आहे बघ. त्यातलं घे."

बादलीतलं चीज मिठाच्या पाण्यात मुरत होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकावं म्हणून. ते न भिजवता खाल्लं तर माणूस जीभ बाहेर काढून बसेल, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जुमाना पडली बैरूतची. तिकडे चीज दुकानातून कागदात गुंडाळून येतं. ती हसतमुखाने चीजची वडी तळहातावर घेऊन आली आणि अफाफच्या काळजाला कसा गारवा मिळाला.

चार दिवस झाले होते धाकट्या दिराच्या लग्नाला. चार दिवस घरात जुमाना, जुमाना. तेही अफाफने गिळलं असतं. पण आज सकाळी खुद्द सासऱ्यांनी फर्मान काढलं, "आज नवरीच्या हातची नवरी खायची!" पातळ रोटीत चीज भरून, दुमडून शेगडीवर भाजलं, की त्या सँडविचला इथल्या डोंगरातली माणसं नवरीच म्हणतात. आणि या घरातल्या शेगडीवर इतकी वर्षं अफाफशिवाय कुणी नवरी भाजली नव्हती.

बाहेर बर्फ साचला होता. दोघे भाऊ छपरावर चढून फावड्याने तो खाली ढकलत होते. आत खोलीच्या मधोमध तेलाची शेगडी धगधगत होती आणि तिच्याजवळ सासरे, अबू नखले, पाय शेकत बसले होते. म्हाताऱ्याने जन्मभर बकऱ्या पाळल्या, चीज बनवलं. पाद्रीबाबांच्या घरून आलेलं चीजसुद्धा "यापेक्षा मेणबत्ती चावेन" म्हणून परत पाठवणारा माणूस.

"बाबा, हसू नका हं मला," जुमाना म्हणाली.

"आधी खाऊ दे. मग ठरवतो हसायचं की रडायचं."

पोरीचा हात चांगला होता. अफाफला तेच तर सोसेना. चीजचे काप कसे कागदासारखे पातळ! त्यावर कलौंजी भुरभुरली, रोटीला बाहेरून ऑलिव्हचं तेल पुसलं, आणि शेगडीच्या तापल्या पत्र्यावर टाकून वरून कॉफीच्या भांड्याच्या बुडाने हलकेच दाबलं. कुठे काळा डाग नाही, कुठे कच्चट नाही. कडेने चीजची पांढरी तार बाहेर आली. अफाफच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं झालं बादली दाखवली, असं तिने स्वतःलाच बजावलं.

अबू नखल्यांनी पहिला घास घेतला. जबडा थांबला.

आता थुंकतील. अफाफ टक लावून बघत होती.

म्हातारा पुन्हा चावू लागला. सावकाश, डोळे मिटून. सगळी संपवली, बोटं चाटली आणि म्हणाला, "तुझे हात सलामत राहोत, पोरी! ती दुसरीही इकडेच आण."

जुमाना लाजून लाल झाली. अफाफ मत्सराने. म्हाताऱ्याची जीभ मेली, की सुनेच्या रूपावर भाळलाय? दुसरीही गेली. रोटीचा चुरादेखील उरला नाही.

"अफाफ, पाणी दे गं."

अफाफने सुरई आणली. जुमाना पाठमोरी होऊन नवऱ्यासाठी तिसरी भाजत होती. सासऱ्यांनी एक पेला रिकामा केला, मग दुसरा. तिसरा पुढे धरून ते अगदी हळू म्हणाले, "तू या घरात आलीस ना, त्या दिवशीही तुझ्या हातची नवरी खाऊन मी असाच सुरईभर पाणी प्यालो होतो."

अफाफच्या हातातली सुरई पेल्यावर आपटली.

त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते. तुझे हात सलामत राहोत. तेवढ्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं गावात मान ताठ करून वावरली होती. तिचे कान तापले. धरणी दुभंगली तर बरं, असं झालं तिला. आणि त्या लाजेतही एक कुसळ बोचतच होतं, ते काही केल्या निघेना.

दाराबाहेर बूट आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ धाकट्या शर्बेलची आरोळी, "कुठेय माझी नवरी? भाजलेली का साधी, कुठलीही चालेल!"

जुमाना खुदकन हसली. तिने तिसरी बशीत काढली आणि दाराकडे वळली. अफाफ दोन ढांगांत आडवी आली, बशीतली गरम नवरी उचलली आणि अर्धी एका घासात तोंडात कोंबली.

"अहो जाऊबाई! ती ह्यांची होती!"

अफाफचं तोंड पोळलं. मिठाने जीभ सोलल्यासारखी झाली, डोळ्यांतून पाणी आलं. शर्बेल खांद्यावरच्या बर्फासकट दारात उभा राहून बघत होता. तिने चावलं, गिळलं, आणि उरलेली अर्धीही तोंडात घातली.

"ह्याला मी करून देते," ती भरल्या तोंडाने म्हणाली. मग जुमानाकडे बघून, अगदी राहवलं नाही म्हणून, "बाबांनी तुझ्या दोन खाल्ल्या. माझी एकच खाल्ली होती."